रुख्माबाईच्या विहिरीचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच — तिला कळलं असतं तर आमच्या लग्नाची आठवणच नासली असती. आता तुम्हाला सांगायला बसलोय. कुठून सुरू करू?

इंग्रजी अमदानीत मी आरोग्य खात्यात पाणी तपासायचो. मुंबईला समुद्राच्या पाण्यावर हे काम शिकलो होतो. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, अंगठ्यानं तोंड दाबून नळी हलवायची, मग पांढऱ्या बशीवर धरून रंग बघायचा. पिवळा म्हणजे अमोनिया आहे. तांबूस म्हणजे फार आहे, कुठूनतरी घाण झिरपतेय. एवढंच. पण वऱ्हाडात हे येणारा मी एकटा, त्यामुळे तोरा केवढा!

त्या साली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. लग्न उरकून, अंगावरची हळद नीट उतरायच्या आत, मी रिसोडला रुजू झालो. गावाच्या कडेला रुख्माबाई माळीण मुलांना घेऊन भाजीचा मळा करायची. तिच्या विहिरीचं पाणी नळीत तांबूस झालं. आमच्या खात्याच्या साहेबांनी दुपारीच विहीर बंद केली. घाण तिच्या गोठ्यातून येते, हेही मीच ठासून सांगितलं.

"गोठा आजच पाडतो मी, बापू," ती म्हणाली. "पन लेकरायनं पानी कुठचं प्यावं?"

"ही विहीर सोडून कुठलंही," मी म्हणालो. कसं म्हणालो असेन?

संध्याकाळी साबणानं हात धुतले आणि अंगठा लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे घरोघरी माहीत असतं — मला माहीत नव्हतं का? आमच्या औषधात तर कॉस्टिक, साबणातलाच क्षार, आणि नळीचं तोंड दाबलं होतं याच अंगठ्यानं! मी धावत जाऊन नळी घासली. उरलेलं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, या वेळी काचेच्या कांडीनं ढवळलं. पाणी जसंच्या तसं. स्वच्छ. पुन्हा करून पाहिलं. स्वच्छच.

साहेबांचा तंबू समोर होता. मला तिथवर जाता आलं नाही. ते हसतील — नवरदेवाची हळद म्हणून सगळ्या कचेरीत हसतील — नोकरी जाईल — नव्या बायकोला काय सांगू? उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. मग परवा. मग कधीच नाही.

रुख्माबाईच्या घरचे नाल्याचं पाणी पिऊ लागले. मला हे माहीत होतं. रोज त्याच वाटेनं जायचो, पाय भरभर उचलायचो. थोड्याच दिवसांत तिचा थोरला, महादू, पटकीनं गेला.

मी भेटायला गेलो. तिला कळलंय असंच मला वाटत होतं. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"त्या इहिरीनंच नेलं माया पोराले. तुमी बंद केली मनून बाकीचे तरी वाचले, बापू."

मी म्हणालो, "हो, वेळेवर कळलं."

पुढे तिनं विहीर बुजवायला काढली. पहिला दगड माझ्याच हातानं पडावा असा तिनं हट्ट धरला. मी वाकलो, दगड उचलला आणि त्या चांगल्या पाण्यात टाकला.