नमुनाच उचलून आणला

संभाजीनगरच्या एका दुकानदाराने मला फसवलं. त्याने मला गाणी वाजवायचा एक डबा विकला. विकताना जे सांगितलं त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि जे सांगायला हवं होतं ते त्याने सांगितलंच नाही. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या सेलूत ही गोष्ट उलटी फिरते आहे. म्हातारपणी याला गाण्याचं खूळ लागलं, हा स्वतःच्या पायाने गेला आणि फसला, असं लोक बोलतात. बोलणाऱ्यांत माझ्याकडून उधारीवर सरकी नेणारेही आहेत.

मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. सतराव्या वर्षी सेलूत कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मशीनवर कापूस टाकायला लागलो. बारा वर्षं तेच केलं. तिथेच सरकीपासून सुटलेल्या रुईची पारख शिकलो, आणि आज माझी स्वतःची कापूस खरेदी आहे. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढला की धागा किती लांब ते मी सांगतो. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसला की ओल कळते. ओलीवरून माझ्याशी भांडला नाही असा शेतकरी या तालुक्यात सापडणार नाही. मी तापट आहे, हेही खरं आहे. पण खोटं कधी तोललं नाही.

आता त्या डब्याचं. घरात वाय-फाय असलं की त्यावरून हा डबा गाणी ओढून घेतो आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो. तिथून ती स्पीकरमध्ये वाजतात. दुकानात त्याला स्ट्रीमर म्हणतात. जावयाने तीन वर्षांपूर्वी असाच एक साबणाच्या वडीएवढा, स्वस्तातला आणून लावून दिला होता. संध्याकाळी मार्केट यार्डातून आलो, हातपाय धुतले की माडीवरच्या खोलीत जुनी गाणी लावून बसायचं, एवढीच माझी चैन. पण गेल्या वर्षापासून गाणी मळकट वाटायला लागली. शब्द कळत, पण टाळ असून नसल्यासारखे. बासरी कुठेतरी भिंतीपलीकडे वाजल्यासारखी. मला वाटलं, स्वस्तातला माल, झिजला असेल.

म्हणून संभाजीनगरला गेलो. दुकानदार पस्तिशीचा, गोड बोलणारा. आत गालिचा टाकलेली वेगळी खोली. त्याने मला खुर्चीत बसवलं आणि आधी माझ्यासारखाच एक छोटा डबा वाजवला.

"हे तुमचं आत्ताचं," तो म्हणाला. "आता पडदा काढतो, काका. गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येईल. स्टुडिओत तिच्यासमोर बसल्यासारखं."

आणि त्याने मोठा डबा लावला. मी खोटं बोलणार नाही, माझ्या अंगावर काटा आला. गाणं पुढे सरकून माझ्याजवळ आलं. वर्षभर जे हरवलं होतं ते सापडलं असं वाटलं.

चेहऱ्यावर अर्थातच काही दाखवलं नाही. किंमत ऐकून उठलो, दारापर्यंत गेलो. त्याने बोलावलं, परत बसलो. पुन्हा उठलो. शेवटी एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीवर गाडी आली. त्याने आतून सीलबंद खोकं मागवलं, तेव्हा मी माझ्या धंद्याची अक्कल वापरली.

"सीलबंद नको. जो ऐकला तोच दे."

"काका, तो डेमोचा आहे. नवा कोरा देतोय ना."

"नमुना एक अन् माल दुसरा, हे खेळ मी लय बघितलेत. माझ्या कानानं ऐकलेला डबा हाय तो. त्याच्याच वायरी काढ, अन् डेमोचा हाय म्हणून आणखी कमी कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि जरा जास्तच लवकर कबूल झाला. जो भाव चटकन सोडतो त्याच्या मालात काहीतरी असतं, हे मी इतकी वर्षं लोकांना शिकवत आलो. त्या दिवशी मला मात्र मीच जिंकल्यासारखं वाटलं. डबा मांडीवर घेऊन रेल्वेने सेलूला आलो.

घरी लावला. माझ्या बेताने आवाज ठेवला. गाणं मळकटच.

जागा बदलली, वायरी काढून परत लावल्या, बायकोला बोलावलं.

"कसं वाटायलंय?"

"चांगलं हाय."

"आधीपेक्षा?"

"आधीपण चांगलंच होतं की."

आठ दिवस वाट पाहून दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "काका, मशीन एकदम ओके आहे. राग मानू नका, पण वय झालं की वरचे सूर कानाला सापडत नाहीत. ऐकायलाही कान लागतो."

मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून फोन ठेवला. पण त्याचं वाक्य काही ठेवता आलं नाही. ते माझ्याबरोबर यार्डात यायला लागलं.

माझा सगळा धंदा कानावर आहे, हे तोपर्यंत मला कधी जाणवलं नव्हतं. लिलावात भाव ओरडून कमी आणि पुटपुटून जास्त बोलला जातो. समोरच्याचा आवाज कुठे खाली येतो, त्यावरून तो कुठे थांबणार ते मला कळतं. "किती म्हणला? परत म्हण," हे मी वर्षानुवर्षं समोरच्याला चळवायला म्हणत आलो. आता म्हटल्यावर माझाच घोळ व्हायचा. मुद्दाम विचारतोय की खरंच ऐकू आलं नाही, हे माझं मलाच सांगता येईना. गर्दीत मी लोकांच्या जास्त जवळ उभा राहायला लागलो, ओठांकडे बघायला लागलो. एकदा दोन व्यापारी हसले आणि ते माझ्यावर हसले की दुसऱ्या कशावर, या विचारात एक गाडी हातची गेली. घरी बायकोवर ओरडायचो, पुटपुटत काय बोलतेस, नीट बोल. कान तपासून घ्यायचं धाडस होत नव्हतं. तपासलं तर कळलं असतं.

अशा दिवसांत वालूरच्या आक्का घरी आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. वीस वर्षं मलाच कापूस घालतात आणि दर हंगामाला भांडतात. आदल्या दिवशी मी त्यांच्या मालात ओल धरून भाव कमी केला होता, त्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. मला एकदम सुचलं. रानात राहणारी बाई, पाखरू कोणत्या फांदीवर आहे ते न बघता सांगते. हिच्या कानांचा कौल घ्यावा.

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन डबे एकाच वेळी जोडता येतात. बटण फिरवलं की यावरून त्यावर. जुना आणि नवा दोन्ही जोडले, वरून टॉवेल टाकला, आणि कोणता चालू आहे हे कुणाला न सांगता बटण फिरवायला बायकोला बसवलं.

"आक्का, डोळे मिटा अन् बरं कोणतं वाजायलंय तेवढं सांगा."

"माझ्या कापसाचं बोलायचं सोडून गाणी ऐकवायलाव व्हय?"

"सांगा तर."

बायकोने एक लावलं, मग दुसरं. आक्का म्हणाल्या, "दुसरं बरं हाय." मलाही दुसरंच बरं वाटलं होतं. टॉवेल उचलून पाहिलं. नवा डबा! मी उडीच मारायचा बाकी होतो. कान शाबूत, माल खरा!

"थांबा, थांबा," आक्का म्हणाल्या. "बरं म्हंजे, दुसरं जोरात हाय. पयल्याला वाढवा बरं वाईच."

बायकोने पहिला लावून आवाज थोडा वाढवला, नव्याच्या वेळी तेवढाच उतरवला. आक्कांनी मान हलवली. "आता येकच हाय दोन्ही." पुन्हा केलं, पुन्हा केलं. आक्का एकदा याला बरं म्हणाल्या, एकदा त्याला. मीही तसाच चाचपडत होतो. आक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"भाऊ, माझ्या कापसात तुमी पाणी हुडकता. हितं तर गड्यानं पाणी मारूनच इकलंय की तुमाला!"

बाई खरं बोलली. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात, तसा त्या दुकानदाराने डब्यातच आवाज चढवून ठेवला होता, आणि चढलेल्या आवाजाला माझ्या कानाने स्वच्छ म्हटलं होतं. घरी आल्यावर मी माझ्या बेताने आवाज ठेवला आणि पाणी उडून गेलं. ओल ओळखण्यात ज्याने आयुष्य काढलं त्याला ही ओल कळली नाही. पण खरं सांगू, मला राग आला नाही, सुटल्यासारखं झालं. आक्कांच्या कानांनाही फरक सापडत नव्हता. म्हणजे खोट डब्यात होती, माझ्यात नव्हती.

गाणं संपलं. मी चहा सांगणार तोच आक्का म्हणाल्या, "अन् हे बारीक काय वाजायलंय?"

"काय?"

"शिट्टी. रातकिड्यावाणी."

"ते तसंच हाय, आणल्यापसून," बायको म्हणाली. "तो नवा डबा लावला की स्पीकरमधून येतं."

"कुठं वाजायलंय?" मी विचारलं. दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या. आक्कांचं हसू थांबलं. बायकोने उठून नव्या डब्याची पिन काढली, आणि दोघी एका दमात म्हणाल्या, "बंद झालं."

माझ्यासाठी काही सुरूच झालं नव्हतं. खोली होती तशीच होती.

"जाऊ द्या भाऊ, लय बारीक हाय ते," आक्का म्हणाल्या. आजाऱ्याशी बोलतात त्या आवाजात. मग पिशवी उचलून म्हणाल्या, "ओलीचं उद्या बघू." वीस वर्षांत ही बाई माझ्याशी न भांडता घरी गेली नव्हती. मला तेव्हा खरी भीती वाटली.

त्या गेल्यावर मी बायकोला विचारलं, "तू बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी एकतर डबा फेकला असता न्हाईतर माझ्यावर खेकसला असता. अन् दारावरची बेल तुमाला दोन वर्षं झाले ऐकू येत न्हाई, ते कुणाला बोलू? मी आपली जाऊन दार उघडायलेय."

दोन वर्षं. आणि मला एकदम दुकानातली ती खोली आठवली. गाणं झाल्यावर त्या दुकानदाराने एसी बंद केला होता, बोट वर केलं होतं आणि विचारलं होतं, "आता ऐका, काका. काही ऐकू येतंय?" मी म्हणालो होतो, नाही. "बघा! ही शांतता. हिचेच तर पैसे आहेत." हाच डबा. याच वायरी. हट्ट करून मीच उचलून आणलेल्या.

परभणीला जाऊन कान तपासले. एका छोट्या बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन घालतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. आधी येत होते. मग बराच वेळ काही येईना. काचेपलीकडे मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी अंदाजाने बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं.

"काका, आत्ता मी आवाज दिलाच नव्हता," ती म्हणाली.

साठीला आलेला माणूस मी, मशीनला फसवायला निघालो होतो. बोलणं ऐकू येतं तो भाग बरा आहे, पण दोन्ही कानांचे वरचे सूर गेलेत, असं कागदावर आलं. तिने विचारलं, मोठ्या आवाजात काम केलंय का? बारा वर्षं जिनिंगच्या मशीनपाशी. कापसाच्या ढिगात उभे असायचो आम्ही, आणि त्यातला बोटभर कापूस कानात घालायचं कुणालाच सुचलं नाही, मालकालाही नाही.

मग तिने कानात घालायच्या मशीनची पुस्तिका दिली. प्रत्येक बारकावा, अगदी नैसर्गिक आवाज, जसा होता तसा. मी ते शब्द ओळखले. किमती साध्या मशीनपासून त्या डब्याच्याही वर. विचारलं, यातलं चांगलं कोणतं? ती म्हणाली, "तुम्ही स्वतः ऐकून ठरवा, काका." पुस्तिका घरी आणून ठेवली आहे. रोज उघडतो, बंद करतो. रुईच्या गाठींचा सौदा मी सकाळच्या चहाआधी करतो, आणि इथे बोटाएवढी वस्तू ठरवता येत नाही, कारण विकणाऱ्याचं खरं की खोटं हे ज्या कानांनी ठरवायचं तेच कान दुरुस्तीला आलेत. आता आवाजाचा धंदा करणारा प्रत्येक माणूस माझ्यापुढे बसून मला वजनात मारू शकतो आणि मला कळणार नाही.

परवा दुकानदाराला पुन्हा फोन केला. या वेळी शिवी दिली नाही. शिट्टीचं सांगितलं. तो म्हणाला, "अडॅप्टर गेला असेल, काका. कुरिअरने नवा पाठवतो, फ्री." मी म्हणालो, अडॅप्टर नको. त्या दिवशी एसी बंद केलास, तेव्हा तुला शिट्टी ऐकू आली होती का, एवढं सांग. तो म्हणाला, "कस्टमर आलेत, नंतर बोलतो." तेव्हापासून फोन उचलत नाही.

येत्या सोमवारी मी सकाळच्या गाडीने जाणार आहे. बायको म्हणाली, "मीबी येते. तुमाला न्हाई ऐकू आलं ते मी सांगन." पैसे परत मागायला मी जात नाही. डेमोचा डबा मी हट्टाने घेतला, हे मी कुठेही कबूल करीन. पण त्याच्या कानांना ती शिट्टी ऐकू आली असेल, तर समोरच्या माणसाला ती ऐकू येत नाही हेही त्याला तेव्हाच कळलं. माझ्या बायकोनंतर माझ्या कानांचं खरं कळलेला तो पहिला माणूस, आणि त्याने ते मला सांगण्याऐवजी शांतता म्हणून विकलं. ऐकू आली नसेल, तर त्याने आवाज विकायचा धंदा बंद करावा. दोन्हींपैकी काय ते त्याने सांगावं. फोनवर नाही, कुरिअरने नाही. माझ्यासमोर उभं राहून, मला ऐकू येईल अशा आवाजात त्याने उत्तर द्यावं.