करंजाच्या तेलाची जीप

बारामतीहून कळसच्या शाळेला मी रोज ज्या जीपने जायचो, तिच्या मालकाचं नाव मी कधी विचारलंच नाही. घरची मेंढरं विकून त्याने ती घेतली होती. डिझेलमध्ये तो करंजाचं तेल मिसळायचा, तेही जुन्या धोतरातून तीनदा गाळून. आधी तांब्याभर, मग हळूहळू जास्त.

"मेंढराला बी नवा पाला एकदम घालायचा नसतो, गुरुजी," तो म्हणायचा.

शाळेची तपासणी होती, नेमकी त्याच सकाळी कडाक्याची थंडी पडली आणि जीप सुरूच होईना. तेल फिल्टरमध्ये घट्ट झालं होतं. मी चिडून जीपला नको ते बोललो.

"तिला नगा बोलू. थंडीत तेल कमी घालाय पायजे हुतं. चूक माझी हाय," असं म्हणत त्याने टपरीवरचं गरम पाणी फिल्टरवर ओतलं आणि अंगावरचं घोंगडं काढून इंजिनावर पांघरलं. नुसत्या बंडीत तो कुडकुडत उभा राहिला. हात मात्र मडगार्डवरून फिरत होता, आजारी मेंढीच्या पाठीवरून फिरावा तसा.

मला माझीच लाज वाटली. मी शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

"लई बेस झालं, गुरुजी," तो म्हणाला, आणि तीही त्याने इंजिनावर पांघरली.