पापणीखालची चकती

डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते केसपेपर काढून स्वतःच येतात. त्यात नाशिकरोडच्या आमच्या सरांना नव्या औषधांची भारी हौस. थेंब टाकला की निम्मा गालावर ओघळतो, म्हणून अँटिबायोटिक डोळ्यात टिकवणारं काही निघालं की सर ते मागवणारच.

* * *

आधी आले डोळ्यात गेल्यावर घट्ट होणारे थेंब. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक काका दुसऱ्याच दिवशी बाटली घेऊन हजर. औषध डोळ्यात गोठतंय, जुना माल दिलात, म्हणाले. ते तसंच गोठायला हवं, हे मी परोपरीनं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग ताजं असेल त्यातलं द्या."

* * *

मग आली चकती. कणीएवढी, काचेसारखी. खालच्या पापणीच्या आत ठेवायची; औषध हळूहळू सुटतं आणि ती आपोआप विरघळते. सरांनी एका शिक्षिकाबाईंना चित्र काढून सगळं सांगितलं. बाईंनी पथ्य विचारलं. सर म्हणाले, काहीच नाही. बाई दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या! तेव्हापासून सर सगळ्यांचं वांगं बंद करतात. चकती जोरात चाललीय.

* * *

कळवणचे दगाजीमामा आले तेव्हा मात्र माझं हसू पळालं. कांद्याची पात लागून बुबुळावर जखम, त्यात पू. आणि दुसरा डोळा लहानपणीच गेलेला. तासातासाला थेंब टाकायला घरात फक्त म्हातारी आत्या. सरांनी चकती बसवली. मला भीतीच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मामा आत्यांना घेऊन आले, एकदम खुशीत. "सायेब, डोळ्यात काच व्हती. आत्यानं जिभेनं काढली." गावात कुणाच्याही डोळ्यातलं कुसळ आत्याच तसं काढायच्या. त्यांनी पदराची गाठ सोडून चकती टेबलावर ठेवली.

सरांनी कपाळाला हात लावला. मग डोळा धुऊन दुसरी चकती बसवली आणि आत्यांना हात जोडून सांगितलं, ही काच राहू द्या. आत्यांनी शब्द पाळला. जखम भरली, डोळा वाचला. मला रडूच आलं. सर कॉन्फरन्ससाठी फोटो काढायला लागले.

पुढच्या आठवड्यात मामांच्या शेजारच्या गावाहून जीप भरून पेशंट आले. सरांची कॉलर ताठ. पहिला पेशंट माझ्या काउंटरवर वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, त्या आत्याबाई हितं कोणत्या वारी बसत्यात?"