पक्की नीळ

"हिला कुणी मारलं?" तपासणीला आलेले साहेब असे गरजले, की म्हैसूरचे झाडून सगळे कावळे उडून श्रीरंगपट्टणला जाऊन बसले.

ती रानात मध काढणारी आदिवासी बाई, आता कैदी. कडेवर तान्ही पोर, दंड काळानिळा. "तोंड उघडलंस तर पोर अनाथालयात," असा दम पहारेकरणीने तिला सकाळी माझ्यादेखत भरला होता.

मी महाराजांच्या त्या तुरुंगात बायकांना सूत रंगवायला शिकवणारा रंगारी. थापांत माझा हात कोण धरणार! म्हटलं, "नीळ आहे, स्वामी! आमच्या घरची नीळ इतकी पक्की, की आजोबांना अग्नी दिला तर राखसुद्धा निळीच निघाली."

साहेब पोट धरधरून हसले नि पुढे गेले. पोर वाचवली म्हणून मी मिशीला पीळ दिला.

बाई मात्र पोरीचं डोकं तळव्याने झाकून उभीच. कुणाचाही हात वर गेला की ती असंच करी. मी सूत वाळत घालायला हात उचलला तरी.

"खरं सांग, कुणी मारलं?" मी हळूच विचारलं.

पाहुण्याला गल्लीतली घरं दाखवावीत तशी ती अंगावरून बोट फिरवत गेली. "कपाळावर नवऱ्याने. कोपरावर रानाच्या शिपायाने. दंडावर ह्या पहारेकरणीने."

"मग यांतल्या कुणाला शिक्षा झाली?"

"मला."