अक्कांचे आगाऊ आभार

देवाला आगाऊ आभार मानून पेचात पकडणारी बाई अख्ख्या बेंगळुरूत एकच आहे आणि ती आमच्या बरोबर डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहते. मूळची नगरकडची मराठी ख्रिस्ती, पण लग्न होऊन इथं आली त्याला चाळीस वर्षं झाली, त्यामुळे आता बिल्डिंगभर सगळ्यांची अक्का. त्यांच्या लोकांत काही चांगलं घडलं की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतात. पाळक येतात, प्रार्थना होते, गाणी होतात, मग चहा आणि केक. अक्कांची सभा मात्र घडण्याआधीच होते. मुलीच्या नोकरीचा केक आम्ही तिच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी खाल्ला, तेव्हा ती बिचारी स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. "आभार मानून ठेवले की त्यालाही जरा भीड पडते," अक्का म्हणाल्या. नोकरी लागली, हेही सांगायला हवं.

प्रार्थनेची पद्धतही त्यांची स्वतःची. डोळे मिटायचे आणि आधी पत्ता सांगायचा: हेब्बाळ, तिसरा क्रॉस, पाण्याच्या टाकीसमोर, दुसरा मजला. या शहरात गल्लीला क्रॉस म्हणतात आणि तिसरे क्रॉस शेकड्यानं आहेत, आशीर्वाद भलत्याच घरी गेला तर काय घ्या, हा त्यांचा सवाल. पार्सलवाल्यांचा अनुभव बघता मला तो बिनतोड वाटतो. एकदा ऑटोत बसून त्यांनी अशीच समाधी लावली, तर ऑटोवाल्याला वाटलं, बाई बेशुद्ध पडल्या. त्यानं ऑटो थेट दवाखान्याच्या दारात नेली. अक्कांनी डोळे उघडले तो समोर स्ट्रेचर. "आता आलेच आहे तर," म्हणत त्या उतरल्या, आतल्या चार पेशंटांसाठी प्रार्थना केली आणि त्याच ऑटोनं घरी आल्या.

गेल्या वर्षी दादांच्या, म्हणजे अक्कांच्या यजमानांच्या, घशात गाठ निघाली. दादा एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण चर्चच्या क्वायरमध्ये त्यांचा खर्ज असा लागायचा की मी, गणपतीच्या आरतीतही नुसते ओठ हलवणारा, दर नाताळला केवळ तो ऐकायला जायचो. ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत येईल, नाहीतर येणार नाही. अक्कांनी त्यातलं निम्मंच ऐकलं आणि तीन महिन्यांनंतरचा रविवार धरून घरोघर आमंत्रणं दिली. "भाऊ, पाच वाजता. हे गाणार आहेत. स्वल्प लवकरच या, मागून जागा मिळायची नाही."

आणि काय सांगू, ते वेड आम्हा सगळ्यांना लागलं. तळमजल्यावरच्या कन्नड आजी मला रोज जिन्यात अडवून विचारायच्या, "बंता?" म्हणजे, आला का आवाज? मी स्वतः अक्कांबरोबर इथल्या शिवाजीनगरला जाऊन भाड्याच्या खुर्च्या ठरवल्या. चाळीस सांगायच्या म्हणून निघालो आणि साठ सांगून आलो. दादांनी वहीत लिहिलं, "वीस पुरेत." अक्कांनी वही मिटून ठेवली. शेवटच्या आठवड्यात दादांच्या घशातून जराशी घरघर यायला लागली, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

शुक्रवारी तपासणी झाली. आवाज येणार नाही, फार तर कुजबुजता येईल. खुर्च्या नको म्हणून कळवू का, हे विचारायला मी वर गेलो, तर अक्का बटाटे सोलत बसल्या होत्या. "लोक येणार आहेत ना? मग ते काय उभे राहणार?" एवढंच म्हणाल्या.

रविवारी घर भरलं. पाळकांनी अक्कांना प्रार्थना करायला सांगितलं. अक्का उभ्या राहिल्या आणि डोळे उघडेच ठेवून म्हणाल्या, "प्रभू, मी आवाजाचे आभार मानून ठेवले होते. तू दिला नाहीस. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही, ते तुला ठाऊक आहे. पण हे समोर बसलेत, दोन घास जेवतायत. तेव्हा मानलेले आभार मी काही परत घेत नाही."

मग गाणं सुरू झालं. दादांच्या जागी गाण्यात खड्डा पडला होता आणि तो सगळ्यांना ऐकू येत होता. दुसऱ्या ओळीला, जन्मभर वरच्या पट्टीत गाणाऱ्या अक्का एकदम खाली उतरल्या आणि दादांचा भाग गायला लागल्या. भयंकर गात होत्या. कोणी हसलं नाही. दादा त्यांच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी तळहात हळूहळू खाली दाबत खूण केली: आणखी खाली.

आता दर शनिवारी संध्याकाळी वर शिकवणी चालते. अक्का गातात, चुकल्या की दादा टेबलावर थाप मारतात आणि अक्का पहिल्यापासून सुरू करतात. खोटं कशाला बोलू, मला दादांचाच आवाज हवा होता, आणि त्या बाबतीत त्यांच्या देवावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण काल मी जिन्यात थांबून ऐकत होतो. एक अख्खं कडवं थाप न पडता गेलं. दुसरं सुरू होईपर्यंत मी जागचा हललो नाही.