अक्का गेली, तेव्हा मी हसत होतो

मित्रहो, आमच्या कुटुंबाच्या पहिल्याच परदेशप्रवासातले, थायलंडच्या किनाऱ्यावर हसतानाचे माझे छायाचित्र आपण काल पाहिलेत.

आज दुपारी डोंबिवलीच्या शेजाऱ्यांचा सांत्वनपर संदेश आला, तेव्हा मला कळले की, मला वाढवणारी माझी थोरली बहीण, कोपरीची अक्का, काल पहाटे गेली. मी हसत होतो, तेव्हा तिला अग्नी दिला जात होता.

मुलाला कालच फोन आला होता.

"बाबा, आपण वेळेत पोचलोच नसतो. घरी गेल्यावर सांगणार होतो."

"अरे, निदान तिच्या नावाने आंघोळ तरी केली असती रे!"

मी कपड्यांनिशी समुद्रात उतरून स्नान केले, एक दिवस उशिरा.

त्याने मायेपोटीच लपवले, हे मान्य. परंतु वडिलांना कोणते दुःख झेपेल, हे आपल्या घरी कोण ठरवते?