पक्षी समजून वगळलेला वारा

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत शिरलं की काका थांबायचे, मिरची कांडणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवायचे आणि सोबतच्या माणसाला विचारायचे, "हवेत मिरची दिसते का?" तो नाही म्हणायचा आणि लगेच शिंकायचा. ते खूश व्हायचे. "हेच माझं काम. वारा दिसत नाही. रडारला शिंक येते."

मी तेव्हा वर्तमानपत्रासाठी हवामानाच्या बातम्या करत होतो. काका हवामान कार्यालयात वाऱ्याच्या रडारवर काम करत होते. हे यंत्र आभाळाकडे तोंड करून रेडिओलहरी सोडतं. निरभ्र हवेतल्या लहानलहान भोवऱ्यांवरून त्यांचा अगदी क्षीण प्रतिध्वनी परत येतो. त्यावरून कोणत्या उंचीवर वारा कुठून येतो आणि कुठे खवळला आहे, हे कळतं. पाऊस कधी, असं विचारणाऱ्या वार्ताहरांना त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "पाऊस वरच्या मजल्यावर. इथे फक्त वारा मिळेल."

ते राहायचे त्या चाळीत ही सोय नव्हती. पापड वाळत घालण्याआधी बायका विचारत, "काका, वारा कसा आहे?" "पापडापुरता बरा," ते गंभीरपणे सांगत. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. त्याच्या शब्दावर आपण किती विसंबलो आहोत, हे आपल्याला माहीत नसतं. त्याला मात्र माहीत असतं.

शिवडीच्या खाडीवरचे रोहित पक्षी हा त्यांचा जुना शत्रू. संध्याकाळी थवे उडाले की रडारला तोच वारा वाटायचा आणि पडद्यावर नसतं वादळ उठायचं. म्हणून त्यांनी एक चाळणी लिहिली. खाडीच्या बाजूने अचानक आलेला ठळक प्रतिध्वनी संगणकाने पक्षी समजायचा आणि टाकून द्यायचा. पडदा स्वच्छ झाला. वरिष्ठांनी कौतुक केलं. "पाखरांना हाकललं एकदाचं," ते मला म्हणाले होते.

त्या मे महिन्यात चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. मंडपवाला मूळचा मालवणचा, तळमजल्यावर राहणारा. त्याने दुपारी त्यांना कार्यालयात फोन केला.

"काका, बांधूया मां?"

त्यांनी पडदा पाहिला. वारा शांत होता.

"बांधा."

संध्याकाळी पूर्वेकडच्या ढगांनी पुढे ढकललेली वाऱ्याची भिंत खाडी ओलांडून आली. मंडपाचे बांबू कोसळले ते मंडपवाल्याच्या पायावर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी न चाळलेली नोंद उघडली. वारा तिथे होता. खाडीच्या बाजूने, अचानक, ठळक. चाळणीने तो पक्षी समजून वगळला होता.

हे त्यांनी मला सांगितलं ते रुग्णालयाबाहेरच्या बाकावर. आत जाऊन आले होते. मंडपवाल्याने त्यांनाच समजावलं होतं, "वारो काय तुमच्या ताब्यात आसा? बसा, चाय घेवा." चाळीतही कोणी बोल लावला नाही. तेच त्यांना सोसलं नाही. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

चाळणी त्यांनी काढून टाकली. पडद्यावर पुन्हा थवे उडू लागले. सहकारी वैतागले. "घाण दिसू दे," एवढंच ते म्हणत. चाळीत कोणी वाऱ्याचं विचारलं, तर पापडांनासुद्धा एकच उत्तर असे: "आत वाळवा."

मंडपवाल्याचा पाय जोडला, पण चाल लंगडी राहिली. पुढे त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. तो पेढे घेऊन वर काकांच्या खोलीत आला, तेव्हा मीही तिथे बसलो होतो.

"चेडवाचा लगीन आसा. मैदानात मंडप मीच घालतलंय. तुमी फक्त हो म्हणा, काका."

त्याला परवानगी नको होती. तो काय देऊ करत होता, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

"हॉल घ्या," ते म्हणाले.

मंडपवाला पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून वळला. मग "बरा" म्हणून जिना उतरला. त्याची पावलं खालपर्यंत ऐकू येत राहिली.

त्याच वर्षी पावसाळ्यात काका गेले, झोपेत. लग्न हिवाळ्यात झालं, परळच्या एका हॉलमध्ये. जेवणं सुरू झाल्यावर मंडपवाला बाहेर येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. नवा सदरा, हातात अत्तराची कुपी. रस्त्यापलीकडच्या पिंपळाचं पान हलत नव्हतं. उदबत्तीचा धूर दारातून सरळ वर जात होता.

तो त्या धुराकडे बघत होता.

"एकदा हो म्हणूक व्हया होता त्यांनी," तो म्हणाला आणि पाहुण्यांना अत्तर लावायला आत गेला.